सात शब्दांचं अपील

माझी बायको म्हणते, हा माणूस ताटातली पोळीसुद्धा उलटून पाहिल्याशिवाय खात नाही. खरं आहे. दूधवाला रोजच्यापेक्षा दहा मिनिटं लवकर आला, तर आज याला कसली घाई, असं माझ्या मनात येतंच. सगळी हयात सरकारी वकिलीत गेली आणि त्यातली शेवटची वर्षं भंडाऱ्याला अपिलाच्या टेबलावर. त्या टेबलानं मला पगार दिला, पेन्शन दिली आणि हा स्वभाव दिला. पगार थांबला. स्वभाव काही थांबायला तयार नाही.

ते टेबल काय होतं, ते आधी सांगतो. खालच्या कोर्टानं आरोपीला दोषी ठरवलं, पण शिक्षा अगदीच किरकोळ दिली, असं वाटलं तर सरकारला वरच्या कोर्टात अपील करता येतं. फिर्यादीला ते स्वतः करता येत नाही. त्याचा जीव कितीही जळला तरी शिक्षा वाढवून मागायचा हक्क सरकारचाच. आता कायद्याचं पुस्तक नवं आलंय, कलमांचे नंबर बदललेत, पण ही गोष्ट तशीच आहे. तालुक्यातले निकाल माझ्यापुढे यायचे, मी वाचून अभिप्राय द्यायचा आणि मंजुरी आली की जिल्ह्याच्या न्यायालयात अपील मीच चालवायचं.

लोकांना वाटतं, वरचं कोर्ट म्हणजे जास्त कडक मास्तर. तसं नाही. 'मी त्या खुर्चीत असतो तर किती दिली असती' हा प्रश्न वरच्या न्यायाधीशानं स्वतःला विचारायचाच नसतो. त्यानं पाहायचं एवढंच की, दिलेली शिक्षा इतकी तोकडी आहे का, की ती शिक्षाच वाटू नये. आणि खालच्या साहेबांनी ती देताना कारणं काय लिहिली. कारण भक्कम असेल तर शिक्षा कमी वाटली तरी हात लावायचा नाही. कारणात खोट सापडली तर गोष्ट वेगळी. म्हणून माझा मुक्काम निकालाच्या शेवटच्या दोन पानांवर असायचा. आधीची पानं कायद्याची असतात. या दोन पानांत साहेब एकदम घरगुती होतात. आरोपी तरुण आहे, घरात कमावता एकटाच आहे, आई अंथरुणाला खिळली आहे. तिथं मी लाल पेन्सिल घेऊन बसायचो.

संशय उगाच नव्हता. साकोलीकडच्या एका मारामारीतल्या आरोपीला मुलीचं लग्न तोंडावर आलंय म्हणून थोडक्यात सोडलं होतं. चार वर्षांनी दुसऱ्या मारामारीत तोच माणूस, आणि पुन्हा मुलीचं लग्न तोंडावर. मी मूळचा सानगडीचा, त्याचं गाव तिथून हाकेवर. बाजाराच्या दिवशी दोघा-तिघांना विचारलं. कळलं की त्याला दोन मुलगेच आहेत. त्या अपिलात शिक्षा वाढली आणि मी दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो.

पण या अपिलांत एक मेख असते. शिक्षा वाढवून मागितली की आरोपीला नोटीस काढावी लागते. एकदा तो वरच्या कोर्टापुढे उभा राहिला, की त्याला म्हणता येतं, वाढवायचं राहू द्या, मी गुन्हाच केला नाही, मला निर्दोष सोडा. म्हणजे सरकार जास्त मागायला जातं आणि हातात आहे तेही घालवून येऊ शकतं. त्यामुळे फाईल दहादा हुंगल्याशिवाय मी सही करत नसे.

सुखदेवची फाईल मी दहादा हुंगली होती.

सुखदेव ट्रॅक्टर चालवायचा. गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा पुनर्वसनाच्या गावात येऊन राहिलेला. ट्रॅक्टर मालकाचा, त्याची फक्त मजुरी. एके सकाळी धानाच्या तणशीनं, म्हणजे पेंढ्यानं, भरलेली ट्रॉली घेऊन जाताना वळणावर त्यानं वेग कमी केला नाही. ट्रॉली झोकांडली आणि सायकलवरच्या गणपत नावाच्या माणसाला बसली. गणपत दवाखान्यात पोचण्याआधीच गेला. त्याच्या मागे बायको, कौसल्याबाई, आणि दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची दोन लहान शेतं.

आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात केस चालली. कोर्टाचं नाव लिहीत नाही, कारण त्या साहेबांची चूक झाली तशी ती कुणाचीही झाली असती. निष्काळजीपणानं मृत्यू घडवला म्हणून सुखदेव दोषी ठरला. शिक्षा झाली दंड आणि न्यायालय उठेपर्यंत कैद. ही कैद म्हणजे आरोपीनं कोर्टातल्या बाकावर बसायचं आणि संध्याकाळी साहेब उठले की आपणही उठून घरी जायचं. दुपारी डबासुद्धा खाता येतो. माणूस मेला आणि शिक्षा बाकावर बसण्याची. माझं नाक फुललं.

मी शेवटची दोन पानं काढली आणि शेजारी आरोपीचा जबाब ठेवला. पुरावा संपला की साहेब आरोपीला एकेक मुद्दा विचारतात आणि त्याची उत्तरं लिहून घेतात. बहुतेक जण 'खोटं आहे' किंवा 'माहीत नाही' यापलीकडे जात नाहीत. सुखदेवला विचारलं होतं की, जखमीला मदत न करता तू तिथून निघून गेलास, याबद्दल काय म्हणायचं आहे. त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवलं होतं.

'तो मरून राहिला होता म्हणून मी गेलो.'

साहेब घाटावरचे, बदली होऊन नुकतेच आलेले. इंग्रजी निकालात त्यांनी याचा अर्थ लिहिला की, जखमी आधीच मेलेला होता म्हणून आरोपी गेला. पुढे कारण दिलं होतं. मेलेल्याला मदत करून उपयोग नव्हता, तेव्हा आरोपी निघून गेला ही गोष्ट शिक्षा वाढवायला धरता येत नाही.

ते वाचून मी टेबलावर हात आपटला. शेजारच्या टेबलावरचा चहा सांडला. अहो, आमच्याकडे 'जेवून राहिला' म्हणजे जेवण चालू आहे. 'येऊन राहिला' म्हणजे अजून वाटेत आहे. 'मरून राहिला होता' म्हणजे मेला नव्हता, मरत होता! अजून धुगधुगी होती आणि हा गडी त्याला तसाच टाकून गेला. आणि वर 'म्हणून'! मरतोय म्हणून गेलो! पुण्या-साताऱ्याच्या दहा वकिलांना जे दिसलं नसतं, ते सानगडीच्या माणसाला दिसलं होतं. हा अभिमान मला पुढे महागात पडला.

अपिलाचा मसुदा मी स्वतः लिहिला. 'आरोपीने मरणासन्न इसमास रस्त्यावर टाकून पळ काढला.' घटनास्थळाच्या पंचनाम्यात सुखदेवची एक चप्पल सापडल्याची नोंद होती. तीही मी वापरली. इतक्या घाईनं पळाला की चप्पलसुद्धा उचलली नाही. फाईलमध्ये एका ढिवर कोळ्याची, मोतीरामची, साक्ष होती. तो अपघाताच्या वेळी जवळच्या बोडीत, म्हणजे गावाबाहेरच्या लहान तळ्यात, मासे धरत होता. तो म्हणाला होता की, एक माणूस ओरडत आला, चला म्हणाला, म्हणून आम्ही रस्त्यावर गेलो. हा 'एक माणूस' कोण, ते त्याला कुणीच विचारलं नव्हतं. मी समासात लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'हा माणूस बचाव पक्षानं घुसवलेला दिसतो. सावध राहणे.' आणि पान उलटलं.

अपील दाखल झालं, नोटीस गेली. सुनावणीला वर्ष लागलं.

त्या दिवशी न्यायाधीश एक बाई होत्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणत असू. त्या नाशिककडच्या, पण प्रत्येक शब्द थांबून विचारायच्या. सुखदेवच्या बाजूनं बांते वकील होते, माझे जुने मित्र. सुखदेव मागे भिंतीला टेकून उभा होता. बारीक, काळासावळा, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. गुंडी पाहून मला वाटलं, शिकवून आणलंय.

मी उभा राहिलो आणि आमची बोली समजावून सांगितली. "मॅडम, आमच्याकडे 'तो जेवून राहिला' म्हटलं तर ताट अजून त्याच्यासमोर आहे असं समजायचं. त्याच चालीवर, 'मरून राहिला होता' म्हणजे जीव अजून अंगात आहे. खालच्या कोर्टाचं कारणच चुकीच्या अर्थावर उभं आहे."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग बांते वकिलांकडे पाहिलं. बांते म्हणाले की आम्ही निर्दोषत्व मागतोय, वळणावरचा साक्षीदार भरवशाचा नाही. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मले सुटाचं नाही जी."

बांते चमकून मागे वळले. "अरे, तू गप ना."

"नाही जी, वकीलसाहेब. ट्रॅक्टर मीच चालवून राहिलो होतो. खोटं कायले बोलू?" मग तो मॅडमकडे वळला. "शिक्षा वाढवा, मॅडम. जेलात टाका. पण ते टाकून पळाला म्हून लिवलं हाये, ते खोडा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तू गेलास हे तूच सांगितलंस ना?"

"हाव. गेलो."

"कुठे गेलास?"

त्या दोन शब्दांनी मला चटका बसला. सगळ्या फाईलमध्ये, पोलिसांपासून माझ्यापर्यंत, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"बोडीवर," सुखदेव म्हणाला. "रस्त्यावर तं कोणी नोहतं जी. बोडीत ढिवर लोकं जाळं टाकून राहिले होते, त्यायले बलावाले गेलो. तो मरून राहिला होता, म्हून तं गेलो. मेला असता तं कायले धावलो असतो?"

मला आठवला मोतीराम आणि समासातली माझीच लाल अक्षरं. मी तिथल्या तिथे उठून ती साक्ष वाचून दाखवली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी उठलो नाही. उलट मला वाटलं की, हा मोतीरामच्या साक्षीच्या वेळी कोर्टात उभा होता, त्यानं ऐकलंय आणि आता तेच सांगतोय. बांतेंनाही ते पान आठवत नव्हतं, त्यांचं डोकं वळणावर अडकलं होतं. त्या घडीला ते पान फक्त मला ठाऊक होतं. मी मॅडमना म्हणालो, मधल्या सुटीनंतर बोलतो.

सुटीत बांतेंना सांगून मी बाहेर सुखदेवला गाठलं. ते माझ्या शेजारीच उभे राहिले. मी उलटतपासणीच घेतली म्हणा ना. बोडीत कितीजण होते, जाळं कुठलं, मग तू परत का आला नाहीस.

"आलो न जी परत. त्यायच्या मागंच आलो. मंग मोतीरामभाऊ म्हणे, तू हट इथून, गावचे लोकं जमले तं तुले जित्ता नाही ठेवतीन. मालकाच्या घरी जाऊन बसलो. पोलीस तिथंच आले."

"चप्पल का टाकलीस?"

"कोणती चप्पल?" त्याला माहीतच नव्हतं.

मी फाईल तिथंच पायरीवर उघडली. पंचनाम्यात लिहिलं होतं की, ट्रॅक्टरपासून काही पावलांवर, बोडीच्या पाळीच्या उतारावर, उजव्या पायाची एक चप्पल. पाळ म्हणजे तळ्याचा बांध. मालकाचं घर, गाव, पळायची वाट, सगळं रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला. पळणारा माणूस तळ्याच्या चिखलाकडे धावत नाही. हे मी वाचलं होतं, खाली लाल रेघही मारली होती. पण रेघ 'चप्पल' या शब्दाखाली होती. 'पाळीच्या उतारावर' याखाली नव्हती.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

सुखदेव माझ्या तोंडाकडे पाहत होता. म्हणाला, "साहेब, एक सांगू का? तो मेला त्याच्या दुसऱ्या सालापासून कौसल्याबाईच्या बांधीत चिखलणी मी करून देत होतो. दोन सालं केली. ते बोलत नोहती, पण येऊ देत होती. तुमचा कागद आला. मले वाचता येत नाही, चौकात एका जणाकडून वाचून घेतला. टाकून पळाला. शामपर्यंत तिच्या गावात पोचलं. बाई बांधावर उभी राहून म्हणे, माह्या बांधीत पाय टाकू नको. मागच्या साली तिची रोवणी मागं पडली."

शिक्षा मोजताना आम्ही आरोपीचं वय पाहतो, घर पाहतो, पश्चात्ताप पाहतो. हा माणूस दोन वर्षं पश्चात्ताप करत होता आणि त्याच्या फाईलमध्ये तो कुठंच नव्हता, कारण तो कोर्टात नाही, चिखलात चालला होता. आणि तोही माझ्या कागदानं बंद पाडला.

सुटीनंतर मी उभा राहिलो. आधी मोतीरामची साक्ष वाचली, मग पंचनाम्याची ती ओळ. समासातली माझी लाल अक्षरंही वाचून दाखवली. ती वाचायची गरज नव्हती, पण वाचली. मॅडमनी विचारलं, "सरकार अपील मागे घेतंय का?" मी म्हणालो, "तो अधिकार मला नाही. पण 'मरून राहिला होता' याचा मी सांगितलेला अर्थ बरोबर आहे आणि 'गेलो' याचा मी लावलेला अर्थ चूक आहे, एवढं मी सांगू शकतो."

बांते मला नंतर म्हणाले, "तू म्हातारा झालास रे." मी म्हटलं, असेन.

अपील फेटाळलं गेलं. दोष कायम आणि शिक्षाही तीच. मॅडमनी लिहिलं की, खालच्या कोर्टाचं कारण चूक असलं तरी शिक्षा दुसऱ्या कारणानं टिकते, कारण आरोपी जखमीसाठी मदत आणायला गेला होता. एवढं एक वाक्य सुखदेवला हवं होतं. निकाल ऐकून त्यानं वाकून मॅडमना नमस्कार केला आणि तो बाहेर पडला. माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि का पाहावं?

पण माझं मन शांत होईना. मी लिहिलेलं चौकात वाचलं गेलं होतं. मॅडमनी लिहिलेलं कोण वाचणार? इंग्रजीतला निकाल, फाईलमध्ये बांधून ठेवलेला. मी निकालाची नक्कल काढली आणि एका रविवारी कौसल्याबाईच्या गावी गेलो. सरकारी वकिलानं असं जायचं नसतं. वरिष्ठांना कळलं असतं तर त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता, आणि त्यांच्या जागी मीही घेतलाच असता.

रोवणीचे दिवस होते. कौसल्याबाई वाकून पऱ्हे उपटत होत्या, म्हणजे रोवायची धानाची रोपं. मी बांधावर उभा राहून नाव सांगितलं. त्या सरळ झाल्या, पण जवळ आल्या नाहीत.

"सरकारी वकील हाव का तुमी? मंग आता कायले आले?"

"बाई, मी एक चुकीचं लिहिलं होतं, ते सांगाले आलो." मी निकाल मराठीत सांगितला. तो पळाला नव्हता. गणपतभाऊ मरून राहिले होते, म्हणून तो बोडीवर माणसं बोलवायला गेला होता. कोर्टानं तसं लिहिलंय.

त्या ऐकत राहिल्या. मग हातातली जुडी खाली ठेवली.

"मरून राहिले होते, मंजे तवा जित्ते होते?"

"हो."

"आधीच्या साहेबानं तं लिवलं होतं, मेलेच होते म्हून. मीबी तेच धरून बसली होती." त्यांनी पदरानं हात पुसले. "मंग ते काही बोलले का जी?"

सगळी फाईल मला पाठ होती. वेग, वळण, चाकांच्या खुणा, चप्पल, जखमांची लांबीरुंदी. मरणाऱ्या माणसानं काही म्हटलं का, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. त्यावर शिक्षा एका दिवसानं कमी-जास्त होणार नव्हती.

"मले नाही माहीत, बाई. ते एकट्या सुखदेवलेच माहीत."

त्यांनी वर पाहिलं नाही. पुन्हा वाकल्या, एक रोप उपटलं. "त्याले म्हणा, ये."

आयुष्यात मी किती समन्स काढायला लावले, हिशेब नाही. स्वतः बजावलं ते हे एकच. सुखदेव पुनर्वसनाच्या गावात त्याच्या घरापुढे ट्रॅक्टरचं काहीतरी ठोकत बसला होता. मला पाहून उठला आणि चेहरा पडला. त्याला वाटलं असणार, आता आणखी काय काढलं यानं.

"कौसल्याबाईनं बोलावलंय," मी म्हणालो.

"काहून?"

"गणपतभाऊ शेवटी काही बोलले का, ते त्यांना तुला विचारायचं आहे."

हातातला पाना त्यानं खाली ठेवला.

"बोलला होता, साहेब," तो म्हणाला. "बोलला म्हून तं मी गेलो."

काय बोलला, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला. साऱ्या जन्माची सवय. पण ते ऐकायचा पहिला मान माझा नव्हता. सुखदेवनं दाराशी चपला शोधल्या, एकच सापडली. ती तिथंच टाकून तो अनवाणी निघाला, बांधीच्या वाटेनं.